गोड्या पाण्याचा किनारा

ग्रुपमधले सगळे खाली गेले, समुद्राला.
कुंभार्ली उतरून, मग गुहागर की दापोली,
यावर चिपळुणात मिसळ खाताना भांडणार होते.
मला चार दिवस रजा मिळाली नाही,
पतसंस्थेत ऑडिट लागलं होतं.
एक रविवार मिळाला.

बाबालाल तांबोळीनं शनिवारी रात्री
अर्ध्या शटरखाली बसून नवी चेन चढवून दिली.
"समुद्र नाही तर नाही, मॅडम, घाट तर आपलाच आहे.
उताराला पुढचा ब्रेक एकटा दाबू नका."

पहाटे साडेचार. समर्थ मंदिराचा चौक,
एक दूधवाला, एक कुत्रं.
यवतेश्वरच्या चढात माणूस खरं बोलतो,
खोटं बोलायला श्वास पुरत नाही.
मी म्हणाले, मला हेवा वाटतोय.
पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाले.
तिसऱ्या वळणाला नुसता चढ उरला.

फुलांचं पठार मे महिन्यात फुलांचं नसतं.
काळा कातळ, पिवळं गवत,
आणि तिकीट फाडणारं कोणी नाही.
करवंदांनी बोटं चिकट झाली, हॅंडलही.

मग उतार, बामणोलीकडचा,
आणि झाडीतून एकदम ते.

किनाराच म्हणायचा याला.
इथे भरती वर्षातून एकदा, भाद्रपदात,
ओहोटी वर्षातून एकदा, आत्ता.
रान संपतं तिथून पाण्यापर्यंत
तांबडी उघडी माती, एकाखाली एक रेघा,
थांबत थांबत प्यायलेल्या चहाच्या
कपात राहतात तशा.

पलीकडचं गाव हाकेवर.
बाई धुणं आपटते, आवाज मागाहून येतो.
रस्ता मात्र ओढ्याच्या टोकापर्यंत आत जातो,
वळतो, परत येतो: नऊ किलोमीटर.
पुन्हा गाव हाकेवर, पुन्हा ओढा.
डांबर मध्येच सोडून जातं, सांगत नाही.

पत्र्याच्या टपरीत कोकम सरबत होतं.
बाईंचं नाव विचारलं. समिंद्रा उतेकर.
"पानी चढलं त्या साली मी झाले.
बापाला वाटलं, समिंदरच आला दारात."
बघितलाय का समुद्र?
"न्हाई. भनीला तिकडं खाडीकाठी जमीन दिली सरकारनं.
ती म्हनती, मीठ पिकतंय, भात न्हाई."
ग्लास विसळून तिनं पाणी मातीवर फेकलं.
"जुना रस्ता उघडा पडलाय बघा खाली.
जा सायकल घिऊन. जून लागला की ग्येला."

गेले.
दगडी मोरी शाबूत. मैलाचा दगड,
त्याच्यावरचा आकडा पाण्यानं खाल्लेला.
दोन्ही बाजूंना बांध, चौकोन चौकोन,
वाळून पापुद्रे सुटलेला गाळ.
दोन्ही ब्रेक सारखे दाबत,
चालणाऱ्या माणसाच्या वेगानं.
कुठे जायचं हे या रस्त्याला अजून पाठ होतं.
तो न वळता, न थांबता,
पाटीसुद्धा न लावता पाण्यात शिरला.

पुढचं चाक आसापर्यंत भिजू दिलं.
ओंजळभर चाखून बघितलं. गोड.
का कुणास ठाऊक, खारट निघेल असं वाटलं होतं.

रात्री फोनवर दिवसाची रेघ उघडली.
नकाशाला मे महिना माहीत नाही.
निळ्या पाण्यात माझी रेघ सरळ गेलेली,
सव्वा किलोमीटर आत,
तिथे अकरा मिनिटं उभी, मग परत.
वेळणेश्वरहून वृंदाचा मेसेज:
अगं, आम्ही नुसते काठानं हिंडतोय,
तू तर बुडालीस!

सोमवारी बाबालालनं चेन रॉकेलमध्ये टाकली.
तळाशी बसलेला राखाडी गाळ
चिमटीत घेऊन चोळला, उजेडात धरला.
"ही रस्त्याची माती नाही, मॅडम.
भाताची आहे. कुणाच्या शेतातून गेलात?"

नाव विचारायचं राहिलं, म्हणाले.