तिसरं बरोबर

बाणेरच्या दवाखान्याचा फॉर्म मीच लिहिलेला.
‘अपत्ये किती’च्या चौकटीत
वैजयंती ढमढेरेंनी काहीच भरलं नाही.
शून्यसुद्धा नाही.

प्रोग्रामनं विचारलं नाही.
दोन बरोबरच्या चिन्हांआड
मोकळ्या जागेला गुपचूप आकड्याचे कपडे चढवले
आणि म्हणाला, शून्यच की हे.
कागदावर उमटलं: निरंक.

काउंटरपाशी त्या एवढंच बोलल्या,
“होता एक. अकरा दिवस.
कसा मोजायचा कळेना, म्हणून सोडलं.”

हिंजवडी, रात्रीचे साडेअकरा, चहाचं मशीन बंद.
मी तिसरं बरोबर टाकलं.
आता रिकामं ते रिकामं,
शून्य ते शून्य.

त्या चौकटीपाशी आला की
प्रोग्राम अडतो, पुढे जात नाही.
उद्या टेस्टिंगवाली समीना बग म्हणून नोंदवेल.

नोंदवू दे.