कलंडलेला फासा

पुस्तक तीनशे चोवीस पानांचं.
त्यात पडण्याचे नियम सात पानं:
किती उंचीवरून, कशावर,
अंगात चिलखत असेल तर काय.
पोहण्यावर एक परिच्छेद.
चिखलावर काहीच नाही.
लिहिणारा दिवाडी बेटावर कधी आला नसावा.

आम्ही एक शनिवार सोडून एक शनिवार बसतो
व्हितोरिनच्या बाल्कांवात.
वारा सुटला की नकाशे उडतात,
मग आत, शिवणयंत्राच्या टेबलावर.
खेळ मी चालवते.
म्हणजे राक्षस मी, सरायवाला मी, भरती मी,
दार उघडतं की नाही तेही मीच.
दिवसा पणजीत लोकांच्या हद्दी मोजते,
तिथे वीतभर सरकलं तरी कोर्ट.

शाणूला पुस्तक पाठ.
औषधांचं दुकान आहे त्याचं,
‘अंदाजे’ हा शब्द ऐकला की त्याच्या कपाळाला आठी पडते.
त्याची भाची पर्णिका, बारा वर्षांची,
तिने एक पानही वाचलेलं नाही.
गेल्या खेपेला तिने राक्षसाला विचारलं,
तू जेवलास का?
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
मी म्हटलं, टाक फासा.
शाणू तासभर माझ्याशी बोलला नाही.

आज खेळात बांध फुटायला आलाय.
व्हितोरिनचा नावाडी कमरेइतक्या पाण्यात
मानशीचं दार ओढतोय.
(मानस पुस्तकात नाही, मी आणली.
बांधातलं लाकडी दार ते:
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला पाण्यासाठीच उघडतं.
व्हितोरिनच्या बापाने तीस वर्षं असलं एक सांभाळलं.)
बारा किंवा वर हवेत, मी म्हटलं.

त्याने वीस बाजूंचा फासा टाकला.
तो घरंगळत गेला
आणि बशीबाहेरच्या खोबऱ्याच्या बोलीनला टेकून
तिरकाच उभा राहिला.
एका अंगाला वीस, एका अंगाला दोन.

पुन्हा टाक, शाणू म्हणाला, कलंडला तर पुन्हा, असंच ठरलंय.
ठरलं कधी?
मागच्या मे महिन्यात. तूच ठरवलंस.
ते जमिनीवर पडलेल्या फाशाबद्दल होतं.
वीस जास्त वर आहे, बघ इकडून.
तिकडून बघतोसच कशाला?
राव मरे, व्हितोरिन म्हणाला,
आणि आम्ही चौघं
देवघरातल्या दिव्याकडे बघावं तसं
त्या बिस्किटाकडे बघत राहिलो.

खाली धक्क्यावर फेरीबोटीने भोंगा दिला.
पर्णिकेने बोलीन उचललं
आणि खाल्लं.

फासा दोनदा उलटला.
अकरा.

एकाने कमी.
शाणूने पुस्तक मिटलं, अंगठा आत ठेवून.
व्हितोरिन काही बोलला नाही; तो मागतच नाही कधी,
हीच त्याची अडचण आहे, आणि माझी.
बारा म्हणावं तर उद्यापासून बारा म्हणजे काय?
बुडाला म्हणावं तर
एका बिस्किटापायी अख्खं शेत खारं.

दार मिटतं, मी म्हटलं.
पूर्ण नाही. चार बोटं फट राहते.
पाणी आत येतंय.

चार? व्हितोरिन पहिल्यांदाच तापला.
चार बोटांतून भात जातं, बाये.
तीन म्हण.
तीन बोटं बाबा मुद्दाम ठेवायचा,
तेवढ्यातून मासळी येते.

तीन, मी म्हटलं.
शाणूने पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
तारीख घातली आणि लिहिलं:
एकाने कमी पडल्यास फट, तीन बोटं.
खाली सही मागितली. तिघांची.
पर्णिकेचीही, हात पुसून.

मग आम्ही धक्क्याकडे धावलो.
बोट सुटायला आली होती,
खलाशाच्या हातात दोर, अजून न सोडलेला.
पाण्याच्या मध्यावर पोरीने विचारलं,
आणि दोनाने कमी पडलं तर?

शाणूने माझ्याकडे पाहिलं.
मी नदीकडे.