कोपर

मोतीबागच्या मैदानात गवत नाही,
कधीच नव्हतं.
लाल मुरूम आहे. ज्याचा गुडघा फुटला नाही
तो तिथे खेळलाच नाही, असा हिशेब.

एलायस रंगारी. रेल्वेत पॉइंट्समन.
इतवारी यार्डात खटके ओढायचे,
ही मालगाडी इकडे,
छिंदवाड्याची छोटी गाडी तिकडे,
आणि ड्युटी सुटली की
संध्याकाळी तेच काम बुटाने.
तेव्हा मिडफिल्डर म्हणत नसत,
लिंकमन म्हणत.

सोळा मोसम. गोल तीन,
त्यातला एक कानाला लागून गेलेला.
लोक गोल मोजतात.
गोलच्या आधीचा पास
एखाद्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला आठवतो.
त्या पासच्या आधीचा पास
रंगारीचा.
त्याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो.

घरी एक कात्रण आहे, पिवळं,
देवघरातल्या येशूच्या बाजूला खोचलेलं.
मुश्ताकने मारलाय, जाळी फुगलीय,
मुश्ताकचे दोन्ही हात आभाळात,
आणि फोटोच्या डाव्या कडेला
अर्धी बाही, एक कोपर.
"हा मी," सर दाखवायचे.
"नुसता कोपर, सर?"
"काहून बे, कोपर काय उसना आनला व्हता म्या?"

मग एका मे महिन्यात गुडघा गेला.
खटका पडल्यासारखा आवाज झाला म्हणे.
त्याबद्दल ते एवढंच सांगतात.

कोच झाले, पण शिट्टी कधी वाजली नाही.
पुढचे दोन दात
कामठीच्या कुठल्यातरी सेमीफायनलला राहून गेले होते.
मग नावानेच हाका मारत,
बापाच्या नावासकट.
पहिले पंधरा दिवस चेंडू नाहीच.
नुसतं पळायचं, आणि पळताना मान फिरवायची,
डावीकडे, उजवीकडे, मागे.
मागे ते बोटं वर करून उभे.
"किती?"
"तीन."
"दोन व्हते. चक्कर मार.
चेंडू यायच्या आधी पाहून ठेवाचं, पोट्टेहो.
आल्यावर त आंधयाले बी दिसते."

मला ड्रिबलिंगची खाज.
एकदा तिघांना चकवलं, चौथ्याने उताणा पाडला,
डावीकडे बंटी मोकळा, हात वर करून करून थकलेला.
सर रागावले नाहीत.
बेंचवर बसवलं, खिशातून संत्रं काढलं.
"खा. सगळं. कोनाले देऊ नको."
समोर अख्खी टीम, घामेजलेली, उभी.
अकरा फोडी होत्या.
मला अजून आकडा पाठ आहे,
चव आठवत नाही.

आता छोटी लाइन उखडली.
सरही रिटायर. प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतात,
आणि मैदानात मुली असतात.
प्रांजू उईके, पंधरा वर्षांची,
मावसभावाचे बूट, टोकाला चिंधी कोंबलेली.
फारसं बोलत नाही.
घरी कोणी विचारलं की सांगते, शिवणक्लासला जाते.

परवा कोराडीच्या पोरींशी सामना.
चेंडू प्रांजूकडे येत होता,
तिने मान फिरवली, एकदा,
आणि परत एकदा.
मग न थांबवताच, पायाच्या कडेने,
उजवीकडे सरकवला. तिथे कोणी नव्हतं.
म्हणजे, अजून नव्हतं.
पुढचं भराभर झालं,
कोणी धावली, कोणी आत टाकला, कोणी मारला.
जिने मारला तिच्यावर सगळ्या कोसळल्या.
मीही ओरडत होतो मूर्खासारखा.
वळून पाहिलं तर
सरांची नजर गोलकडे नव्हतीच,
मधल्या वर्तुळाकडे होती.
ते आपलं कोपर चोळत होते.

नंतर प्रांजूला काही म्हणाले असतील
असं मला वाटलं होतं.
चेंडू मोजायला लावले तिला.
अकरा. एक कमी.
नाल्यात गेला असणार.
अंधार पडलेला, मोबाईलचा उजेड दातांत धरून
ती उतरली खाली, झुडपं सारत.
आणि सर काठावरून, खुर्चीला रेलून,
ओरडत होते,
"पुढं काय पाहून राह्यली वो?
मागं पाह्य आधी!"