पुंगळीचं पोट

चैत्रातली दुपार, वेंगुर्ल्याचा बाजार आडवा झालेला.
सुभेदार राऊळ काजूगराच्या डब्यातून
अकरा रिकाम्या पुंगळ्या काढतात,
माझ्या काउंटरच्या लाल मखमलीवर उभ्या करतात,
जिथं काल कुणाच्या तरी सुनेच्या पाटल्या होत्या.
"तुझो काटो मिलिग्रॅम दाखयता मां?"
दाखवतो.
"मगे ह्येंका पाणी पाज आणि जोख."

पितळ मला परकं नाही.
आमच्या धंद्यात तो शिवीसारखा शब्द.
सोनं म्हणून आणलेलं पितळ निघतं
तेव्हा बाई काही बोलत नाही,
फक्त चप्पल सापडायला तिला वेळ लागतो.
पितळ म्हणूनच आलेलं पितळ
आज पहिल्यांदा या काट्यावर चढतंय.

भाचीसाठी, म्हणाले. स्पर्धेत तीनशे मीटरवर नेम धरते.
"नेम तिचो बरो. गोळ्यो मात्र एक हंय, एक थंय.
काडतुसां मी भरतंय. चूक माझी आसतली."

आधी रिकामी जोखायची.
मग ड्रॉपरनं विहिरीचं पाणी, थेंब थेंब.
(नळ बारालाच जातो, आणि समुद्राचं चालत नाही,
मिठाचं वजन उगाच पितळेच्या नावावर लागतं.)
बुडाशी फुटलेली टोपी तशीच ठेवलीय, म्हणून गळत नाही.
तोंडाशी पाणी फुगून येतं.
"फुगवटो नको गो. सपाट.
पायलीवरसून हात फिरयतत तसा."
टिपकागदाचं टोक लावते. बसतं.
पंखा बंद. तरी बंदरावरचा वारा
शेवटचा आकडा हलवून जातो.
दार लोटून घेते, मान मागे धरते,
नाकावरचा घाम हिशेबात यायला नको.

वहीत मी ग्रॅम सांगते, ते ग्रेन लिहितात,
आणि आतल्या खोलीतून बाबा,
ज्यांना दोन वर्षं काटा दिसत नाही,
गुंजा विचारतात.
"तीन ग्रॅम त्रेसष्ट."
"छप्पन्न," सुभेदार.
"तीस गुंजा," बाबा. "एक नथ होते."
ग्रेन म्हणजे मूळचा जवाचा दाणा, सुभेदार सांगतात.
गुंज म्हणजे वेलीची बी, बाबा सांगतात.
पाणी गप्प राहतं, त्याला दोन्ही चालतं.

दहा पुंगळ्या एका घरच्या.
अकरावी रिकामीच जड:
बाकीच्या दहा ग्रॅम चारच्या आसपास, ही अकरा सहा.
मला वाटलं, जड म्हणजे जास्त घेणार.
सराफाच्या मुलीला दुसरं काय वाटणार.
पाणी भरलं, तीन ग्रॅम एकोणपन्नास.
ओतलं, सुकवली, पुन्हा भरली.
एकोणपन्नास.

सुभेदारांनी ती उलटी करून
बुडावरची अक्षरं उजेडाला धरली.
"दुसऱ्या कारखान्याची. भिती जाड.
भायल्यान सगळी सारखीच,
बंदुकीच्या घरात बसाक व्हयी ना.
जाडी वाढली ती आत."
आणि तितकीच दारू हिच्यात घातली तर?
"जागा उणी, दाब जास्त. ती गोळी येगळीच जाता.
आणि पोर तीन म्हयने आपल्या हाताक दोष देता."
मग बराच वेळ त्यांनी पेनचं टोपण
लावलं, काढलं, लावलं.

पैसे किती, विचारलं.
मी बाबांच्या खोलीकडे पाहिलं.
"पाण्याची मजुरी घेत नाहीत," खोली म्हणाली.
दहा डब्यात गेल्या. अकरावी त्यांनी नेली नाही.
मखमलीवर ओले गोल राहिले,
संध्याकाळी कुडी जोडून न्यायला आलेल्या जयवंतीनं विचारलं,
हे कसले गो ठसे?

अकरावीत मी टाकणखार ठेवते आता.
झाळताना हाताशी बरी पडते.
दर दोन दिवसांनी भरावी लागते.