क्रमांक दोनशे बारा

ओउलू शहराच्या मालकीच्या आठशे चौसष्ट कलाकृती
माझ्या टेबलाच्या डाव्या खणात राहतात.
प्रत्येकीला एक क्रमांक, एक फोटो
आणि एक रकाना: स्थिती.
चांगली, मध्यम, वाईट.
चौथा पर्याय छापणाऱ्याला सुचला नाही.

नवी शाळा उठते तेव्हा खर्चातला एक टक्का कलेचा.
नियमच आहे तसा, आणि नियम चांगला आहे.
टक्क्यातून घोडा उभा राहतो, बाई उभी राहते,
एकदा तर नुसतंच कडं उभं राहिलं,
ज्यातून पलीकडचं पार्किंग दिसतं.
फीत कापतात, कॉफी होते, नव्याचे नऊ दिवस होतात.
दहाव्या दिवशी खाडीवरून कुरव पक्षी येतो
आणि आपलं मत नोंदवतो.
ते पुसायला टक्का नाही.
देखभालीचा निधी म्हणजे सशाची शिंगं,
असं मी मनात म्हणत असे.
आणि मग ससाच गेला.

क्रमांक दोनशे बारा. ससा, बसलेला, कांस्य.
उंची एकेचाळीस सेंटिमीटर.
वाचनालयासमोर, बर्चखाली.
अंग काळं-हिरवं, कान तेवढे
धरून धरून पिवळेधमक.
जानेवारीत त्याच्यावर मीटरभर बर्फ होता.
एप्रिलमध्ये बर्फ उतरला
तेव्हा चौथरा होता.

उर्पो केम्पाइनेन एकोणतीस वर्षं बर्फ हटवतो.
त्याने स्वतःहून फोन केला.
पात्याला काहीतरी लागलं होतं, फेब्रुवारीत, पहाटे चारला.
मग बराच वेळ फोनवर नुसतं इंजिन.
"दगड असेल म्हटलं."
आणि पुन्हा, जरा खालच्या आवाजात,
"दगडच असेल म्हटलं."

बर्फ नेऊन टाकतात तिथे आम्ही दोघं गेलो.
शहराच्या हिवाळ्याचा काळा डोंगर,
जूनपर्यंत झिरपत राहणारा.
त्यात सायकलचं चाक, एक बूट,
कुणाच्या तरी दाराची पाटी.
ससा नाही.
उर्पो हल्ली दर शुक्रवारी एकटाच जातो.
सांगत नाही. बुटांवरून कळतं.

समितीची बैठक: सहा जण, एक केक.
नवा ओतायचा तर साचा कुठे?
शिल्पकार वारला, हक्क मुलीचा, मुलगी कुओपिओला.
तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं:
बाबांना तो ससा कधीच आवडला नव्हता.
पण विचारलंत, बरं वाटलं.
कुणी म्हणालं, यादीतून काढून टाका.
औलिक्कीबाईंनी चष्मा पुसला:
काढायलाही फॉर्म लागतो,
आणि फॉर्मला स्थिती लागते.
विषय पुढच्या बैठकीवर.
केक संपला.

मेमध्ये मी पाहणीला गेले.
टेप, कॅमेरा, मेणाचा डबा, सगळं सवयीने घेऊन.
चौथऱ्यावर एक मुलगी बसली होती,
गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर ताठ.
खाली रांग, बालवाडीची पिवळी जाकिटं,
नाकं वाहणारी सात-आठ माणसं.
"शंभर होईपर्यंत एकेकाने," शेवटचा मला म्हणाला.
"हलायचं नाही. हललं की उतरायचं."
आणि जरा सरकून,
"तू माझ्या मागे."

मी टेप लावला.
एकोणनव्वद सेंटिमीटर, कानांसकट.
मुलीने श्वास धरून ठेवला होता.

ऑफिसात रकान्यात लिहिलं: वापरात.
संगणकाने घेतलं नाही, लाल झाला.
दुसऱ्यांदाही लाल.
मग 'चांगली'वर खूण केली
आणि फोटो जोडला.
फोटो हललाय. ती नाही, मी.

लेखापरीक्षक कधीतरी विचारेल.
विचारू दे.
उर्पोचा काल फोन होता:
डोंगर आता कमरेएवढा राहिलाय.