सोळा म्हणजे अनंत

पंचायत समितीच्या मागच्या खोलीत
आधी बियाण्यांची पोती असायची.
पंखा लावला की अजून धानाची धूळ उठते.
तिथे माझे दोन राऊटर.

वरचा जुना, दवाखान्यांचा.
त्याला फक्त टप्पे मोजता येतात.
इथून धाबेटोला एक, नवेगाव दोन,
पार जंगलाकडचं उपकेंद्र सात.
पंधरापर्यंत मोजतो. सोळा म्हणजे अनंत.
सोळाव्या टप्प्यावर कुणी राहत असेल
हे त्याला कबूलच नाही.

खालचा नवा, ग्रामपंचायतींच्या फायबरचा.
याला सगळा नकाशा पाठ,
कुठल्या तारेला किती खर्च, कुठली आज आजारी.
पण शेजारचा दवाखाना विचारा,
गप्प.

वीतभर अंतरावर
अबोला धरलेल्या दोन जावा.

रहांगडाले साहेब म्हणाले, ओळख करून दे दोघांची.
मी लिहिलं: ह्याच्या वाटा त्याला सांग.
संध्याकाळपर्यंत जुन्याने एकही वाट धरली नाही.
खर्चाचे टप्पे कसे करायचे
हे मी सांगितलंच नव्हतं,
आणि भाव न लावता आलेल्या मालावर
तो सरळ सोळा टाकतो.
मग मी तीन लिहिलं.
तीनच का? एका खंडीत किती कुडव
हेही कुणीतरी एकदा ठरवलंच असेल.

दुसऱ्या दिवशी नवाच घोळ.
ग्रामीण रुग्णालयातही कुणीतरी
हीच ओळख आधी करून ठेवली होती.
माझी बातमी तिकडून फिरून
माझ्याच दारात, नव्या कोऱ्या चेहऱ्याने.
मी तिच्यावर विश्वास ठेवला, तिने माझ्यावर,
आणि पाकिटं दोघींमध्ये घिरट्या घालत
दमून मेली.
तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेला खूण करते,
चरायला सोडलेल्या म्हशीच्या शिंगाला गेरू लावतात तशी.
परत आली की ओळखायची, आत घ्यायची नाही.

उरली ती शेवटची ओळ.
चार शून्यं, तिरपी रेघ, पुन्हा शून्य.
काहीच विचारत नाही, म्हणून सगळ्यांना जुळते.
फाट्यावर सायकलचे पंक्चर काढणारा इस्तारी कोहळे तसाच.
कुठलंही गाव विचारा,
"मालूम नाही त साकोलीले जा.
साकोलीत समदं भेटते."

ही ओळ मी दोघांनाही वाटली
आणि पुढे एक शब्द जोडला: नेहमी.
मला वाट असो, नसो,
सांगत राहायचं, माझ्याकडे या.

चैत्रात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने
साकोलीकडची तार उचकटली.
सिस्टर उईकेंनी मलेरियाच्या दोनशे चौदा स्लाइडची नोंद पाठवली.
फोनवर म्हणाल्या, "गेलं दाखवते, बाई. पण तिकडं पोचलं नाही म्हणतात."
गेलं होतंच.
माझ्यापर्यंत आलं होतं.
पुढे मी काय केलं
ते माझ्या राऊटरच्या मोजणीत लिहिलेलं आहे:
टाकून दिली, टाकून दिली, टाकून दिली.

रुग्णालयाकडे एक मोबाइलचा हळू रस्ता होता.
मी गप्प बसले असते
तर जुन्याने तो कधीच शोधला असता.

रात्री तो शब्द काढला.
पडद्यावरची शेवटची ओळ गेली,
काही वेळ नुसतीच जागा.
मग परत आली,
आता रुग्णालयाचं नाव घेऊन,
चार टप्पे.
स्लाइडा एकेक करून निघाल्या.

घरी येताना फाट्यावर एक ट्रक थांबलेला.
ड्रायव्हरने कुठल्याशा टोल्याचं नाव घेतलं.
इस्तारीने ट्यूब पाण्यातून वर काढली,
बुडबुडा कुठून येतो ते पाहिलं,
हात पुसले.
"हे मले नाही मालूम," म्हणाला.
"त्या पानठेल्यावर पुस."