फक्की

मी नगरपरिषदेत शिपाई,
पण मानवतमध्ये मला ओळखतात फक्कीवाला म्हणून.
तेरा बाय दहा, मध्यरेषा, निदानरेषा, बोनस,
झोपेत सांगितलं तरी मारून देतो.

त्या वर्षी मैदानावर गाजरगवत कमरेला लागलं
आणि माझी फक्की गेली रेशनच्या दुकानापुढं.
गोल मारले. बँकेपुढं गोल, दवाखान्यापुढं गोल.
पाचशे रुपये काढायला आलेल्या बायांनी
गोलात चपला ठेवल्या आणि आपण बसल्या लिंबाखाली
मांडीला मांडी लावून.
चपला तेवढ्या अंतर पाळून.

मग बैठक झाली. मोंढ्याच्या शेडात, पत्रा तापलेला.
मुंजाजी सर म्हणाले,
पोरं एकमेकांच्या अंगावर पडली तर चालतंय,
लोकांनी लांबून बघितलं की रोग?
हे कुठलं गणित?
लग्नाला पन्नास, मयताला वीस, आणि इथं लिलावाला
हजार माणूस रोज खेटतंय, ते?

डॉक्टर निखत उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या.
गणित मला येत नाही, सर. खाटा मोजता येतात.
बारा आहेत.

पंखा फिरत राहिला.

सोडावाला गफार म्हणाला, दीड साल झालं, गाडी उभी आहे,
बाटल्यांच्या खणात उंदरीनं पिल्लं घातली.
सगळे हसले, तो सोडून.
मागून एक पोरगं: माझं तोंड, माझा जीव, मर्जी माझी.
लिंबाजीबुवा, मास्क हनुवटीला, वळून म्हणाले,
तोंड तुझंच हाय बाबा. पर शिंक कुणाची?

ठरलं ते असं: दोनशे माणसं, दोनशे गोल.
मला कुणी विचारलं नाही. मी लिहून घेतलं,
फक्की सहा पोती.
विचारलं असतं तरी काय सांगणार होतो?
माझा भाऊ अकरा दिवस परभणीला, नळीवर.
परत आला. आणि घरात पाय टाकताच पहिलं काय,
तर सामने कधी सुरू होणार रे.

पिराजीनं वर्षभर रिकाम्या मैदानात चढाया मारल्या होत्या.
समोर कुणी नाही. मोंढ्याच्या भिंतीवरून
त्याचाच कबड्डी कबड्डी परत यायचा, जरा उशिरा,
तेवढीच सोबत.

रविवारी तो तिसऱ्यांदा चढाईला गेला.
बोनसवर पाय, कोपऱ्याला बोट, आणि वळला.
आणि दोनशे माणसं एकदम ओरडली.
शेडावरची कबुतरं उडाली, कुत्री पळाली,
गोल? कुठले गोल?
रेषेला हात लागणार तेवढ्यात पंचांची शिट्टी.
दम गेला, म्हणाले.

होता! पिराजी आईची शपथ घेऊन सांगतोय,
म्हणत होतो मी!
पंच म्हणतात, म्हणत असशील. मला ऐकू आला नाही.
ऐकणार कसं? मैदानात उतरलेले सगळेच म्हणत होते,
होता, होता, दम होता.
लिंबाजीबुवांचा मास्क आता कुठं, कोण बघतं.

शेवटच्या रांगेत एकच गोल शाबूत.
डॉक्टर निखत त्यात उभ्या, टाचा फक्कीवर,
आणि मास्कच्या आत ओठ जोरात हलत होते.
रागवत होत्या की ओरडत होत्या,
एवढ्या कल्ल्यात मला कळलं नाही.

गफारची लिंबं चारलाच संपली.
फक्की उरली अर्धं पोतं,
सोमवारी बँकेपुढं लागेलच.

रात्री जिन्यात पावलं वाजली, मग थांबली.
चौथी पायरी. तो तिथं थांबतोच.
खालूनच विचारलं त्यानं, अडखळत,
पिराजीचा... दम... होता का रे?
वर ये, म्हणलं. सांगतो.